जखमा : निल

"मेडलमध्येपण राखीव जागा निघाल्या की काय आता?"

तो असं म्हणाला आणि सगळे हसले. योकोहामात, साहेबांच्या फ्लॅटमध्ये, रविवारी भर दुपारी, जेवणाच्या टेबलावर. बोलणारा पाहुणा इचिकावाहून आला होता. ट्रेडिंग कंपनीत मोठा माणूस. त्याच्या हातात माझ्या आबांचं डिस्चार्ज बुक होतं, मिलिटरीतून सुटताना मिळतं ते. बोटाला श्रीखंड लागलेलं, आणि त्याच बोटाने तो पानं उलटत होता.

मी पुऱ्यांचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी.

पुस्तक मी साहेबांना दोन दिवस आधी दिलं होतं. दोन्ही हातांनी, स्वच्छ पिशवीत घालून. "सवडीने बघा" म्हणाले होते. साहेबांना सवड मिळाली ती अशी, श्रीखंड आणि बटाट्याची भाजी यांच्या मधे.

"अगं ये ना पुढे, लाजतेस काय," साहेब म्हणाले. "सांग ह्यांना, तुझे वडील मिलिटरीत काय करायचे."

"सुरुंग काढायचे."

"सुरुंग!" पाहुण्याने पानावर बोट ठेवलं. "इथे तर काही नाही. जखमा, निल. निल म्हणजे शून्य, बाई. लढाईत स्वयंपाक करत असतील. पुरी तळताना चटका बसला असेल. त्याचं मेडल हवंय का?"

पुन्हा हसणं. मग तो साहेबांकडे वळून म्हणाला, "ह्यांचं असंच. आधी कॉलेजात सीट, मग नोकरीत, आता थेट छातीवर."

वहिनी, म्हणजे साहेबांच्या बायको, म्हणाल्या, "अरे पुरे, तिला वाईट वाटेल." आणि मग माझ्याकडे बघून, "पुऱ्या गार होतायत गं."

मी काय केलं? मीही हसले. खोटं कशाला लिहू? दात दाखवून हसले, पुऱ्या वाढल्या, पाहुण्याला एक जास्त वाढली. आत जाऊन नळ सोडला आणि आधीच घासलेली कढई पुन्हा घासली.

आता मी कोण ते सांगते. गाव साताऱ्याकडचं. घर बौद्धवाड्यात. सातवीतून शाळा सुटली. आबा पलटणीतून गुडघा मोडून आले, आईबरोबर रोजाने जायला कुणीतरी हवं होतं, मी गेले. पुढे लग्न झालं, नवऱ्याने टाकलं. मुंबईला पार्ल्यात साहेबांच्या आईकडे कामाला लागले. म्हातारी अंथरुणावर होती. सहा वर्षं तिचं सगळं केलं. ती गेली, तेव्हा साहेब जपानहून दिवसांना आले आणि जाताना म्हणाले, "तू आता कुठे जाणार? चल आमच्याबरोबर." बँकेने त्यांना योकोहामाची शाखा दिली होती.

मी विमानात बसले. आमच्या वाड्यातलं तोपर्यंत कुणी विमानात बसलेलं नव्हतं. मला वेगळी खोली मिळाली, तिला खिडकी होती. वहिनींनी त्यांचा जुना कोट दिला. मी इतकी उपकृत होते की साहेब घरात आले की उठून उभी राहायचे. जेवत असले तरी. ते नको म्हणायचे नाहीत.

आबांचं प्रकरण असं. एकाहत्तरच्या लढाईत त्यांना दोन महिन्यांसाठी दुसऱ्या पलटणीकडे दिलं होतं. रस्त्यात पेरलेले सुरुंग काढायला माणसं कमी पडत होती, म्हणून उसनी घेतली. एक सुरुंग फुटला. पुढचा जोडीदार जागीच गेला, आबांच्या डाव्या गुडघ्यात लोखंडाचा तुकडा घुसला. ज्या पलटणीत जखम झाली ती म्हणाली, हा माणूस आमचा नाही, ह्याची नोंद त्याच्या पलटणीत होईल. आबांची पलटण म्हणाली, हा तर तेव्हा आमच्याकडे नव्हताच. उसन्या माणसाची जखम कुणीच लिहिली नाही. जखमेच्या रकान्यात निल. जखमेची नोंद नाही, म्हणून जखमी झालेल्याला मिळतं ते पदकही नाही.

एवढा एक कागद होता. मिलिटरी इस्पितळाची चिठ्ठी. पिवळी पडलेली, चार घड्यांची. तिच्यावर तारीख, डावा गुडघा, काढलेला तुकडा आणि डॉक्टरची सही. साहेबांना दिलेल्या पिशवीत पुस्तकाबरोबर तीही होती.

सव्वीस जानेवारीला गावच्या शाळेत माजी सैनिकांना खुर्च्या मांडतात. सगळे पदकं लावून बसतात. आबांचा गुडघा वाकत नाही, ते पाय पुढे पसरून बसायचे. शेजारी पाटीलआळीतला सुभेदार. तो दर वर्षी मुलांना सांगायचा, "ह्याला लढाईत न्हाई, गोठ्यात लागलंय. बैलानं लाथ घातली." मुलं हसायची. एका वर्षी आबा खुर्चीवरून उठले आणि पुन्हा शाळेत गेले नाहीत. मी जपानला निघाले तेव्हा पुस्तक आणि चिठ्ठी माझ्या हातात देऊन म्हणाले, "तुजा सायेब शिकल्याला हाय. त्याच्याकडनं विंग्रजीत लिव. मला कायबी नगं. मला लागलं हुतं एवढं लिवा म्हनावं."

त्या रविवारी पाहुणे गेल्यावर साहेबांनी बँकेच्या चांगल्या कागदावर अर्ज टाइप केला. त्यांनाही थोडं मनाला लागलं असावं. "घे, झालं तुझं काम. इथे सही कर." मी सही केली. काय लिहिलंय ते विचारलं नाही. एवढा मोठा माणूस आपल्यासाठी टाइपरायटरवर बसला, त्याला काय विचारायचं? मी त्यांच्या पाया पडले.

पुढच्या आठवड्यात वहिनींबरोबर वॉर्ड ऑफिसात गेले. इथे त्याला कुयाकुशो म्हणतात. परदेशी माणसाने आपलं ओळखपत्र तिथे करायचं असतं. काउंटरवरच्या मुलीने माझे कागद पाहिले, आपलं रजिस्टर पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. आमच्या फ्लॅटचा नंबर तिच्याकडून चुकला होता. वाटलं, आता आपल्याला ओरडणार. ती उठून उभी राहिली. चुकलेल्या नंबरावर पट्टी धरून दोन सरळ रेघा मारल्या. जुना आकडा खालून दिसत राहील अशा. वर बरोबर नंबर लिहिला. ड्रॉवरमधून आपल्या आडनावाचा छोटा लाल शिक्का काढून त्यावर उमटवला. आणि कमरेत वाकून माझी माफी मागितली. वहिनींची नाही. माझी.

"बाई बाई, काय ही फॉर्मॅलिटी," वहिनी हसल्या. "नंबर तर चुकला."

परतीच्या गाडीत माझ्या डोक्यात एकच. दारावरचा एक आकडा चुकला तर ह्यांनी आपल्या नावाचा शिक्का मारून सांगितलं, चूक माझी. आबांचा अख्खा गुडघा चुकलाय. इतक्या वर्षांत एकही माणूस चूक माझी म्हणाला नाही. उलट आम्हीच मान खाली घालून फिरतो. म्हणजे नोंद ही देवाने लिहिलेली नसते. माणूस लिहितो. माणसाला ती खोडता येते.

अडीच-तीन महिन्यांनी आबांचं पत्र आलं. सोबत गावच्या पत्त्यावर आलेलं सरकारी उत्तर, अर्धं हिंदीत, अर्धं इंग्रजीत. हिंदी मला वाचता येतं. लिहिलं होतं, आपल्या वडिलांच्या हलाखीबद्दल सहानुभूती आहे, परंतु दयाबुद्धीने मदत देण्याची या कार्यालयात तरतूद नाही.

मी दोनदा वाचलं. गुडघा कुठेच नव्हता.

आबांचं पत्र दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं, पण शब्द त्यांचेच. "सरकारचं उत्तर मास्तरानं वाचून दावलं. तवा सुभेदार तितंच बसला हुता. मी गरीब हाय ह्ये मी सरकारला कवा कळिवलं? मी गुडगा कळवाया सांगितला हुता. भीकच मागायची हुती तर गावात मागितली असती, त्येच्यासाटी लेक जपानात कशाला धाडली? आता अर्ज करू नगंस."

सकाळी साहेब ऑफिसला निघाले होते. बूट घालत होते.

"साहेब, त्या अर्जात काय लिहिलं होतंत?"

"कुठल्या अर्जात?"

विसरले होते.

"आबांच्या."

"हां, ते. लिहिलं की. गरीब मागासवर्गीय माजी सैनिक, आजारी, कृपा करावी वगैरे. का, काही दिलं का त्यांनी?"

"गुडघ्याचं लिहिलं होतंत का? चिठ्ठी जोडलीत?"

साहेबांनी बुटाची नाडी बांधून घेतली. मग सरळ झाले. "हे बघ, त्या पिवळ्या कागदाला कोण विचारतो? आणि सरकारला तुम्ही चुकलात असं कळवायचं? माझ्या लेटरहेडवर? अशा कामांना नम्र भाषा लागते. तुमच्या लोकांची कामं तशीच होतात." मग आवाज खाली आणला. "खरं सांगू? मला नाही वाटत असं काही झालं असेल. म्हातारी माणसं रचून सांगतात. तुझं मन राखायला मी लिहिलं."

म्हणजे असं. पाहुणा तोंडावर हसला. साहेबांनी पोटात ठेवलं आणि वर उपकार केले. पाहुणा तरी सरळ.

त्यांच्या डब्याची पिशवी माझ्याच हातात होती, ती मी त्यांना दिली. सवय.

संध्याकाळी ते चहा घेताना म्हणाले, "मी विचार केला. त्या इचिकावावाल्याचा मेव्हणा लष्करात मोठ्या हुद्द्यावर आहे. या रविवारी इचिकावावाला पुन्हा जेवायला येतोय. तू जरा त्याच्या पाया पड, हात जोड, म्हण आमची बाजू बघा. एका फोनचं काम आहे."

"नाही."

माझ्याच तोंडातून आलं, पण मलाच दचकायला झालं. त्या घरात तो शब्द मी कधी वापरला नव्हता.

"नाही म्हणजे?"

"मी हात जोडणार नाही. आबांची चिठ्ठी द्या."

वहिनी बाहेर आल्या. "काय झालं काय हिला? अगं, ते तुझ्या भल्याचंच सांगतायत."

"वहिनी, चिठ्ठी द्या."

"जपान दाखवलं, कोट दिला, घरच्यासारखं ठेवलं. ही परतफेड? लोक म्हणतात ते खोटं नाही. ह्यांना जवळ घेतलं की डोक्यावर बसतात."

"घरच्यासारखं म्हणता," मी म्हणाले. "आईंचं हगणंमुतणं मी काढलं, तेव्हा घरचे तुम्ही इथे होतात. मी उपकार विसरले नाही. तुम्ही आबांना भिकारी केलंत, तेही विसरणार नाही."

"उद्याच्या उद्या परत पाठवीन!"

"पाठवा. साताऱ्याहून सरकारकडे टपाल लवकर पोचतं."

साहेब उठले. खणातल्या हॉटेलांच्या जाहिराती, वीजबिलं उपसली. चिठ्ठी तळाशी होती. टेबलावर टाकली. "कर काय करायचं ते. माझं नाव कुठे आलं नाही पाहिजे."

"येणार नाही," मी म्हणाले. "माझं येईल."

परत पाठवण्याचं पुढे कुणी काढलं नाही. रविवारी पाहुणे होते, पुऱ्या कोण लाटणार? मी लाटल्या. वाढल्या. इचिकावावाल्याने विचारलं, "काय बाई, मेडल आलं का?" मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "आणायला निघालेय." हसले नाही. टेबलावर कुणीच हसलं नाही.

अर्ज मी मराठीत लिहिला. सातवीपर्यंतचं अक्षर, ओळ वर चढते. पाच कागद फुकट गेले, सहाव्यावर जमलं. 'कृपा' लिहिलं नाही. 'गरीब' लिहिलं नाही. 'मागासवर्गीय' लिहिलं नाही, जखमेला जात कशाला लागते? लिहिलं ते एवढंच. माझ्या वडिलांना अमुक तारखेला, दुसऱ्या पलटणीत कामावर असताना, सुरुंग काढताना डाव्या गुडघ्याला जखम झाली. पुरावा सोबत. तुमची नोंद चुकली आहे, ती दुरुस्त करा. चिठ्ठीची झेरॉक्स कोपऱ्यावरच्या दुकानात काढली आणि अस्सल चिठ्ठी ब्लाउजच्या आत ठेवली. सरकारी उत्तरावरचा पत्ता घातला आणि पोस्टात रजिस्टर केलं.

आबांना कळवलं, "अर्ज करू नको म्हणालात, ते ऐकणार नाही."

उत्तर आलं. 'अभिलेखात जखमेची नोंद आढळत नाही, सबब पदक देता येत नाही.'

नोंद नाही म्हणून तर लिहिलं होतं. मी परत लिहिलं. तेच उत्तर आलं. परत लिहिलं. तेव्हापासून उत्तर येत नाही.

आबा थकलेत. त्यांच्या देखत हे होईल असं मी धरून चालत नाही. कुणी सांगतं, ओळख काढ. कुणी म्हणतं, पुढाऱ्याला भेट. मी कुणाच्या दारात जाणार नाही. दर महिन्याला एक रजिस्टर जाईल, मी इथे असेन तर इथून, हाकललं तर गावातून. आता त्यात दोनच ओळी असतात. माझ्या वडिलांच्या जखमेपुढे निल कुणी लिहिलं, त्या माणसाचं नाव कळवा. तुम्ही ते कळवत नाही तोपर्यंत मी लिहीत राहणार आहे.