काकांचा परदेशी भागीदार

माझ्या धाकट्या काकांना परदेशी भागीदार मिळाला, तेव्हा अख्ख्या मुरुडात त्यांच्याइतका फुगलेला माणूस दुसरा नव्हता. एकोणीसशे साठनंतरची ती वर्षं. परदेशी भांडवल म्हटलं की मंत्र्यांपासून मामलेदारापर्यंत सगळे कमरेत वाकायचे. इथली कोलंबी गोठवून परदेशी पाठवायची, अशी योजना होती. जागा काकांची, यंत्रं साहेबाची.

जागा करायला काकांनी वाडीतले धरते, नारळांनी लगडलेले माड तोडले. यंत्रं उतरली ती ताज्या रंगाची. रंग जरा खरवडला तर खाली गंज. साहेबाच्या देशात मोडीत निघालेला माल आमच्याकडे भांडवल म्हणून आला होता.

मी तेव्हा मुंबईत वकिली शिकत होतो. सुट्टीत घरी आलो, तर काकांनी सही झालेला करार मोठ्या कौतुकाने माझ्यापुढे टाकला. त्यात लिहिलं होतं की तंटा झाला तर निवाडा साहेबाच्या देशात, तिथल्या लवादापुढे.

"काका, हे कलम वाचलंत?"

"मुंबईच्या अधिकाऱ्यांनी वाचलंय. ते काय खुळे आहेत?"

काकू आत नारळ खवत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "राजपुरीहून दिघीला होडीतून जाताना पोटात ढवळतं तुमच्या. तुम्ही जाणार तिकडे भांडायला?"

"भांडण होणारच नाही. सज्जन माणसं आहेत ती."

सज्जन माणसांनी सगळी कोलंबी आपल्याच दुसऱ्या कंपनीला विकली. भाव तेच ठरवायचे. त्यामुळे नफा तिकडे राहायचा आणि आमच्या वाट्याला तोटा यायचा. काका ओरडले, तेव्हा साहेबाने शांतपणे लवादाकडे बोट दाखवलं.

तिकडे जायचं तर परकी चलन लागणार, म्हणून मी काकांना घेऊन मुंबईच्या सरकारी कचेरीत गेलो. करार वाचून मंजूर करणारा अधिकारीच समोर बसला होता.

"प्रवासाला परकी चलन?" तो हसला. "देशात टंचाई आहे. अशा कामाला मिळत नाही."

"मग साहेबाला नफा न्यायला कसं मिळतं?" मी विचारलं.

"त्यांच्या भांडवलाला सरकारची हमी आहे. दोन्ही देशांमध्ये तसा करार झालाय."

हे त्याने इतक्या अभिमानाने सांगितलं, की जणू ती हमी त्याच्याच वाडवडिलांनी दिली होती. काकांसाठी कुठल्या देशाने कोणाशी काय करार केलाय, हे विचारायची मला शिसारी आली.

काका गेलेच नाहीत, त्यामुळे निकाल एकतर्फी लागला. साहेबाने यंत्रं खोलून बोटीत चढवली आणि तो दुसऱ्या कुठल्यातरी गरीब देशाचा विकास करायला निघून गेला. मागे उरलेल्या शेडचे पत्रे काकूंनी स्वतः उभं राहून काढवले आणि त्या जागी माडाची रोपं लावली.

काका मात्र चावडीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आमचा तंटा साधा नव्हता. आंतरराष्ट्रीय होता."

आणि लोक मान हलवायचे. काहींना तर हेवाही वाटायचा.