‘सुधारित’ हा शब्द आणि उधव्याची नागली

तादेसेबरोबर तलासरीला जायला दुसरं कोणी तयार नव्हतं, म्हणून मी गेलो.

ही २०१७च्या नोव्हेंबरातली गोष्ट. मी पुण्यात विद्यापीठात मराठी शिकवतो. परदेशी विद्यार्थ्यांना कामापुरतं मराठी शिकवण्याचा वर्गही माझ्याकडेच आहे. तादेसे इथिओपियाचा, वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करणारा. आमच्याकडे दरवर्षी परदेशी विद्यार्थ्यांचा एक दिवस साजरा होतो. झेंडे लागतात, जगाकडे मोकळ्या मनानं पाहण्यावर भाषणं होतात आणि प्रत्येक फोटोत पांढऱ्या पोशाखातला तादेसे असतो. तो नक्की कशावर काम करतो, हे मी त्याला दोन वर्षांत विचारलं नव्हतं. विषय होता नाचणीचे गावठी वाण. येत्या सोमवारी त्याला समितीपुढे शेतकऱ्यांच्या मुलाखती आणि बियाण्याचे नमुने ठेवायचे होते, नाहीतर विषय बदलावा लागणार होता. त्याची इंग्रजी प्रश्नावली मी मराठीत करून दिली. चांगली अठ्ठेचाळीस प्रश्नांची.

गुरुवारी पहाटे पुणे सोडलं. दादर, तिथून विरार, विरारहून डहाणूची गाडी. डहाणू रोडला उतरेपर्यंत दुपार कलली होती. कोणी परदेशी पाहुणा घेऊन जाणार असाल तर एक सांगतो, लॉजवर आधी फोन करा. पहिल्या दोन ठिकाणी तादेसेचा पासपोर्ट पाहून खोली शिल्लक नसल्याचं कळलं. तिसऱ्या ठिकाणचे गुजराती शेठ सरळ होते. म्हणाले, “खोली आहे हो, पण परदेशी माणसाचा फॉर्म भरावा लागतो. एवढी कटकट कोण करणार? तुम्ही बसून भरून देता का?” आम्ही बसून भरून दिला. दोघांची खोली आठशे रुपये, पंखा बरा, पाणी गरम. स्टेशनाबाहेर चिकू घेतले. तादेसेला ते फार गोड वाटले, तरी त्यानं चार खाल्ले.

शुक्रवारी सकाळी तलासरीची एसटी पकडली. वाटेत महालक्ष्मीचं देऊळ लागतं. मी बसमधूनच हात जोडले. तादेसेनं काही न विचारता मान लववली. त्याचा त्या दिवशी उपास होता. त्याच्या ख्रिस्ती पंथाच्या रीतीप्रमाणे बुधवारी आणि शुक्रवारी तो दूध, अंडं, मांस, मासे काही घेत नाही. स्टँडवर त्यानं कोरा चहा मागितला, तेव्हा चहावाल्यानं माझ्याकडे पाहून विचारलं, “साहेबांना दूध परवडत नाय का?” तादेसेला मराठी तेवढं कळतं. तो म्हणाला, “आज गाईला सुट्टी.”

तलासरीला किसन भेटला. तो माझा जुना विद्यार्थी, तिथल्याच एका शाळेत शिक्षक आहे; उधवा गावाकडच्या पाड्यांवर तोच आम्हाला नेणार होता. उधव्याला जायला जीप मिळते, भरली की सुटते, माणशी वीस रुपये. आम्ही अर्धा तास भरण्याची वाट पाहिली. रस्ता मधून मधून उखडलेला आहे, पण दोन्ही बाजूंना कापलेली भातखाचरं आणि पुढे टेकड्या, त्यामुळे त्रास वाटत नाही.

उधव्यापलीकडच्या पाड्यावर पहिल्या तीन घरांत काम सोपं झालं. मी प्रश्न वाचायचो, किसन समजावायचा आणि घरातली माणसं “हो” म्हणायची. जमिनीची पूर्वमशागत करता का? हो. एकात्मिक कीड व्यवस्थापन करता का? हो. तादेसेनं तीन कागद भरले आणि हळूच मला म्हणाला, “सर, हे लोक आपल्याला लवकर घरी पाठवत आहेत.”

चौथं घर लखमीबाईंचं. जुनं बियाणं राखणारी बाई म्हणून किसननं मुद्दाम त्यांचं नाव काढलं होतं. साठीच्या असतील. अंगणात सुपानं नागली, म्हणजे नाचणीच, पाखडत बसल्या होत्या. त्यांनीही पहिल्या दहा प्रश्नांना हो म्हटलं. अकरावा मी वाचला, “तुम्ही सुधारित वाण पेरता का?”

सूप थांबलं. “सुधारित म्हंजे काय रं?”

मी म्हटलं, “म्हणजे चांगलं केलेलं. दोष काढून टाकलेलं.”

“मंग आमचा बिघडलेला हाय का?”

मी पुन्हा कागदात पाहिलं. त्या पुढे म्हणाल्या, “बिघडलेल्या बियाण्याची कशाला चौकशी करतस? तलासरीला दुकानात जा. तठं पिशवीत मिळंल.” आणि आमच्याकडे पाठ करून पाखडायला लागल्या.

काय झालं, असं तादेसेनं विचारलं. मी इंग्रजीत सांगितलं, “त्यांना काम आहे.”

किसन मला म्हणाला, “सर, असं नाही म्हणाली ती.”

आपल्याच विद्यार्थ्यानं असं सांगावं, याची लाज वाटली. मग मी तादेसेला शब्दन् शब्द सांगितला आणि शब्दाची निवड माझी होती हेही सांगितलं. सोमवार तीन दिवसांवर होता. त्यानं वही मिटली आणि तो हसू लागला. त्याच्या गावातही एक अधिकारी असाच शब्द घेऊन आला होता म्हणे. तादेसेच्या आईनं त्या अधिकाऱ्याला कॉफी न देता वाटेला लावलं. त्यांच्याकडे दारात आलेल्याला कॉफी न देणं हा मोठाच अपमान.

मी हे लखमीबाईंना सांगितलं. त्या वळल्या. “चांगलं केलं. याची आय काय पेरते?”

तादेसेनं सुपातले दाणे तळहातावर घेऊन चोळले, फुंकर मारली आणि म्हणाला, “दागुसा. हेच.”

“दागुसा,” लखमीबाईंनी म्हणून पाहिलं. “भाकर करता?”

पीठ आंबवून मोठ्या तव्यावर करतात, हे त्यानं हातानं दाखवलं. पुढचा तासभर प्रश्न त्यांचे आणि उत्तरं त्याची होती. रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळून राब भाजता का, रोपं काढून लावता का, की नुसतं बी फेकता? पाखरं कोण हाकलतं? लहानपणी मीच हाकलायचो, असं तो म्हणाला.

“आन आता तू इठं. मंग पाखरांची चंगळ!”

आता धाकटी बहीण बसते, असं त्यानं सांगितलं. मध्ये भाकरी आली, बरोबर सुकट, म्हणजे वाळवलेली मासळी, आणि मिरचीचा ठेचा. त्यानं सुकट बाजूला ठेवली, तेव्हा मी शुक्रवारच्या उपासाचं सांगितलं.

“संतोषीमातेचा? मंग आंबट चालत नसंल.”

“नाही हो, त्याच्या देवाचा आहे.”

“पण शुक्रवार तर तोच ना,” म्हणून त्यांनी सुकट माझ्या पानात टाकली.

बोलता बोलता लवकर येणारी हळवी कधी पेरायची, उशिरा येणारी गरवी कुठल्या उतारावर टिकते, पाऊस लांबला तर काय करायचं, हे सगळं तादेसेच्या वहीत उतरलं. ते माझ्या अठ्ठेचाळीस प्रश्नांत कुठेच नव्हतं. शेवटी त्या आत गेल्या, राखेनं तोंड बंद केलेला सुका भोपळा घेऊन आल्या आणि त्यातलं मूठभर बियाणं कागदावर ओतलं. मी पाकिटावर लिहिलं, ‘नाचणी, गरवी’.

किसननं त्यांना वाचून दाखवलं. “नाचणी दुकानातली,” त्या म्हणाल्या. “आमची नागली लिव. नाय तर मूठ परत दे.”

मी खोडून नागली लिहिलं.

शनिवारी निघण्याआधी चिखल्याच्या किनाऱ्यावर तासभर बसलो. डहाणूहून रिक्षा जाते, भाडं आधी ठरवून घ्या. तादेसेनं त्या तासात सगळी प्रश्नावली माझ्याकडून पुन्हा लिहून घेतली. आता अकरावा प्रश्न होता, ‘बियाणं घरचं की विकतचं?’

सोमवारी समितीतल्या एका सदस्यानं विचारलं की ठरलेली प्रश्नावली मध्येच का बदलली. तादेसेनं झालं ते सांगितलं. थोडी कुजबुज झाली. विषय कायम राहिला, पेरणीच्या वेळी पुन्हा जाऊन यायच्या अटीवर. समितीनं आधी मंजूर केलेल्या छापील प्रश्नावलीत मात्र ‘सुधारित’ तसाच आहे, तो बदलायला वेगळा अर्ज लागतो. मी अर्ज दिला आहे.

घरी पहिल्या वर्षाचे निबंध तपासून ठेवले होते. नंदुरबारकडच्या एका मुलीनं आईनं केलेल्या गंगाफळाच्या भाजीबद्दल लिहिलं होतं. मी ‘गंगाफळ’ या शब्दाभोवती लाल गोल करून वर ‘भोपळा’ अशी दुरुस्ती लिहिली होती. दुसऱ्या दिवशी तिला बोलावलं. दारातच तिनं विचारलं, “सर, काही चुकलं का?”

मी ‘गंगाफळ’वर बोट ठेवून म्हटलं, “हा शब्द मला समजावून सांग.”

ती चाचरत म्हणाली, “सर, आमच्याकडे भोपळा म्हणजे दुधी. आई दुधी करतच नाही, घरात कोणी खात नाही.”

म्हणजे तिचं वाक्य खरं होतं आणि मी दुरुस्त केल्यावर खोटं झालं होतं. मी तिला बसायला सांगितलं.