अश्वत्थाखालची फणेरपेटी

२६ जानेवारी १९९७. त्या दिवशीच्या खजिना-शोधासाठी मराठी मंडळाने तीनशे बारा रुपये पन्नास पैसे मंजूर केले होते. भीमसेनअण्णा हा खेळ घेत होते तोवर खर्च चाळिसाच्या वर कधी गेला नव्हता, आणि तेवढेही ते बहुधा स्वतःच्याच खिशातून घालत.

भीमसेनअण्णा चिकपेटेतल्या एका साड्यांच्या दुकानात विक्रेते होते. घराणं कैक पिढ्या बेंगळुरात मुरलेलं. मराठी बोलायची ती घरात आणि मंडळात, बाकी सगळा व्यवहार कानडीत. गादीवर बसून साड्या उलगडायच्या, गिऱ्हाईक नाक मुरडून उठलं की पुन्हा घड्या घालायच्या, यातच त्यांची हयात गेली. मालक अर्ध्या नावाने हाक मारी. गिऱ्हाइकं नुसती बोटं दाखवत. फक्त वर्षातून एका सकाळी, राजाजीनगरच्या बागेत, मंडळाची पोरं 'अण्णा, अण्णा' करत त्यांच्या धोतराला लोंबकळत.

खेळ साधाच. झाडाच्या ढोलीत, बाकाखाली, नळाच्या तोटीशी चिठ्ठ्या दडवायच्या, आणि शेवटच्या चिठ्ठीवरून बिस्किटांचा एक जुना डबा सापडायचा. ज्याला सापडेल त्याने डब्यातली एक वस्तू घ्यायची आणि आपल्याजवळची एक आत ठेवायची, हा अण्णांचा नियम. डबा वर्षभर त्यांच्या फळीवर असे. त्यांची बायको सोयराबाई तो उघडून बघत आणि हसत, "अहो, यंदा कुणीतरी चावलेलं खोडरबर ठेवलंय बघा." सोयराबाई जाऊन आता सहा वर्षं झाली होती.

अजित पुण्याहून आलेला. कॉम्प्युटर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता आणि दोन वर्षांत मंडळाचा चिटणीस झाला. डिसेंबरच्या बैठकीत तो म्हणाला, "काका, यंदा तुम्ही आराम करा. बक्षिसं आमची कंपनी स्पॉन्सर करतेय. जरा प्रोफेशनल करू."

"सरी," अण्णा कानडीत 'बरं' म्हणाले. दुसरं काय म्हणणार? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनीही वाजवल्या.

आठवड्याभराने अजित आणि त्याची बायको अंजली घरी आली, जुन्या चिठ्ठ्यांचे नमुने बघायला. चिठ्ठ्या अजितने वरवर चाळल्या. पण देवघराच्या शेजारी त्याला सोयराबाईंची फणेरपेटी दिसली. शिसवी लाकडाची, पितळी पट्ट्यांची, झाकणाच्या आत डाग पडलेला आरसा. फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, सगळं जिथल्या तिथे होतं.

"अंजली, हे बघ! अगदी खजिन्याची पेटी! काका, ही द्या ना एका दिवसासाठी."

"ती हिची आहे," अण्णा म्हणाले.

"उघडायचा मान तुमचाच. सगळ्या मुलांसमोर तुम्हीच उघडा. नाहीतर तुमच्याशिवाय कसला आलाय खेळ?"

या शेवटच्या वाक्याने अण्णा विरघळले. त्यांनी फणी आणि मेणाची डबी काढून ठेवली. करंडा मात्र एका खाचेत घट्ट बसलेला होता, तो निघेना.

"असू दे हो," अंजली म्हणाली, "छान दिसतोय."

सोयराबाई गेल्यापासून ती पेटी घराबाहेर गेली नव्हती. अण्णांना दोनच गोष्टी हव्या होत्या. एकदा ती पोरांसमोर आपल्या हाताने उघडायची आणि दुपारच्या आत घरी आणून जागेवर ठेवायची.

त्या सकाळी ते इस्त्रीचं धोतर नेसून लवकरच बागेच्या फाटकाशी आले. पोरं अजून जमायची होती. पेटी कुठे ठेवलीय ते अजितने सांगितलं नव्हतं. "सरप्राइज आहे काका. तुम्हालासुद्धा."

बागेतून नंजम्मा बाहेर येत होती. गल्लीतच राहणारी, रोज पिंपळाला प्रदक्षिणा घालणारी म्हातारी. बागेच्या कोपऱ्यात पिंपळाचा कट्टा आहे आणि कट्ट्यावर नागाच्या दगडी शिळा उभ्या आहेत. सगळी वस्ती तिथे हळद-कुंकू वाहते. घरातल्या फुटक्या मूर्ती, देवांच्या विटलेल्या तसबिरी, गेलेल्या सवाष्णीचा करंडा, असं जे टाकवत नाही आणि ठेववतही नाही, ते लोक त्या कट्ट्यावर नेऊन ठेवतात. ठेवलं की ते देवाचं. तिथली वस्तू कुणी घरी आणत नाही.

"प्रसाद घ्या, अण्णा," नंजम्मा कानडीत म्हणाली आणि तिने त्यांच्या ओंजळीत सोनेरी कागदातलं, नाण्याच्या आकाराचं चॉकलेट ठेवलं.

अण्णांना हसू आलं. "देव आता चॉकलेट खायला लागला काय, अक्का?"

"कुणाच्या तरी घरची लक्ष्मी गेलीय हो. तिची पेटी ठेवलीय नागप्पापाशी. आत ही चॉकलेटं होती. तिला आवडत असतील बिचारीला. मी पाणी घातलं, हळद-कुंकू लावलं, दिवा लावला. चांगल्या घरची दिसते. करंडा अजून भरलेला आहे."

अण्णांनी चॉकलेट दोन्ही डोळ्यांना लावलं आणि तोंडात टाकलं. ते विरघळता विरघळता त्यांना करंडा आठवला.

ते कट्ट्याकडे कसे पोचले ते त्यांचं त्यांना कळलं नाही. सर्वांत मोठ्या शिळेच्या पायथ्याशी पेटी उघडी होती. आरशावर हळदीची बोटं उमटली होती. पितळी पट्ट्यांवर ओलं कुंकू होतं, वर शेवंतीचं फूल, पुढे दिवा. सोयराबाई गेल्या त्या दिवशी त्यांना नटवलं होतं, तशीच पेटी नटली होती. अण्णांचा हात पुढे गेला आणि मधेच थांबला.

नंजम्मा मागोमाग आली होती. सगळा प्रकार ऐकून ती कपाळावर हात मारत म्हणाली, "अय्यो! माझी चूक झाली. घेऊन जा तुम्ही, अण्णा. देवाला कळतं."

"पाणी सोडलंत ना?"

"सोडलं."

"आणि प्रसाद मी खाल्ला," अण्णा म्हणाले.

एवढ्यात पोरं शेवटची चिठ्ठी घेऊन धावत आली आणि दिवा बघून थबकली. पाठोपाठ कॅमेरा घेऊन अजित. "अरे! ही काय पूजा मांडलीय? आणि चॉकलेटं कुठायत?"

त्याला सांगितलं. तो आधी हसला, मग वैतागला. "काका, स्पॉट मस्त होता हो, कुणी हात लावत नाही म्हणूनच निवडला. बरं, त्यात काय एवढं? घ्या तुमची पेटी, विषय संपला."

"आता ती माझी नाही."

"काका, प्लीज. शहाण्णव साल संपलं आता. ही नागपूजा वगैरे..."

"अजित, नको ना," अंजली हळूच म्हणाली.

पण अजितने दिवा बाजूला सरकवला, पेटी उचलली, रुमालाने खसाखसा कुंकू पुसलं आणि अण्णांपुढे धरली. पोरं बघत होती. नंजम्माने तोंडाला पदर लावला. अण्णांनी हात मागे घेतले.

"परत ठेव तिथे."

"ठेवतो, आणि संध्याकाळी भंगारवाला घेऊन जाईल. चालेल?"

नंजम्मा म्हणाली, निदान एक नारळ तरी फोडा, देवाच्या अंगावरचं उचललंय. अजितने पाकीट उघडलं. आत सगळ्या पाचशेच्या नोटा. "काका, तुम्ही द्या आत्ता, मी नंतर बघतो." अण्णांनी फाटकाजवळच्या दुकानातून नारळ आणून फोडला. बक्षीस म्हणून पोरांना कंपनीच्या टोप्या वाटल्या. पेटी कुणी उघडली नाही. ती अजितच्या गाडीच्या डिकीत गेली.

नवे आयोजक म्हणून अजितचा सत्कार झाला. पुढच्या वर्षी खेळ बागेत नको, क्लबात घेऊ, असं ठरलं. अण्णांना कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी ते 'सरी'च म्हणाले असते.

मार्चमध्ये वर्गणीचं पुस्तक द्यायला अण्णा अजितच्या फ्लॅटवर गेले. पेटी टीव्हीवर होती. आत रिमोट, गाडीची किल्ली आणि एक जेम्स क्लिप. करंडा कशानेतरी उपसून काढला होता. त्याच्या खाचेत लाकूड चिरलं होतं. बिजागरीच्या सांध्यात मात्र अजून हळद होती, तिथे रुमाल पोचला नव्हता.

"काका, सगळे विचारतात हो, कुठून आणली म्हणून," अंजली म्हणाली. तिने खाली बघत चहा पुढे केला. "तुम्हाला परत हवी असेल तर..."

"देवाची वस्तू आहे," अण्णा म्हणाले. "मी कशी नेऊ? करंडा कुठे आहे?"

ती अजितकडे बघायला लागली. अजितने खांदे उडवले. "बाईने कचऱ्यात टाकला असेल. गंजलेला होता."

अण्णांनी चहा पुरा प्यायला, कप बशीत नीट ठेवला, पुस्तक टीपॉयवर ठेवलं आणि निघाले. बागेवरून घरी जायचा रस्ता जवळचा होता, पण ते मुख्य रस्त्याने गेले. त्यानंतर ते मंडळात गेले नाहीत. घरी फळीवर बिस्किटांचा डबा अजून आहे. त्यात एक चावलेलं खोडरबर आहे, आणि ते आता कुणी बघत नाही.

नारळाचे सहा रुपये अजितकडून यायचे आहेत.