मेंढरं मोजायचा गृहपाठ

दुसरीत मला प्रत्येक विषयाची वेगळी भीती होती. मराठीत जोडाक्षरांची. वाचता वाचता 'क्ष' समोर आला की माझी गाडी तिथंच रुतायची. गणितात एकोणतीस, एकोणचाळीस अशा सगळ्या एकोणांची. एकोणसाठ म्हणजे साठाच्या अलीकडं की पलीकडं, हे मला ऐन वेळी कधी आठवलं तर शपथ. परिसर अभ्यासात सूर्याकडं तोंड करून उभं राहायचं आणि डाव्या हाताला कुठली दिशा येते ते सांगायचं; मला आधी डावा हात शोधावा लागायचा. त्यातल्या त्यात चित्रकला बरी. दोन डोंगर, मधून वर येणारा सूर्य, खाली झोपडी आणि शेजारी नारळाचं झाड. आमच्या सुप्याकडच्या माळावर नारळाचं झाड औषधालासुद्धा नव्हतं, पण सगळी शाळा तेच काढायची, म्हणून मीही काढायचे.

शाळा दोन खोल्यांची, पहिली ते चौथी. आमचे गुरुजी मारकुटे नव्हते, असं आता वर्गातले सगळे सांगतात. सगळे बहुतेक मागच्या बसकरपट्टीवर बसत असावेत. मी पुढं बसायचे आणि गुरुजींच्या टेबलावरची निरगुडीची फोक मला दिवसभर दिसत राहायची. ती फोक माझ्यावर फारशी चालली नाही हे खरं. पण ती चालेल या धास्तीतच मी दुसरीचं वर्ष काढलं.

एकदा गुरुजी बारामतीला कसल्याशा प्रशिक्षणाला गेले आणि येताना नवीन खूळ घेऊन आले. आता म्हणे विषय सुटे सुटे शिकवायचे नाहीत, सगळे एकत्र शिकवायचे. म्हणून त्यांनी गृहपाठ दिला: घरी जी जनावरं, कोंबड्या असतील त्या मोजून आणायच्या, त्यांची बेरीज करायची, चित्र काढायचं आणि त्यांच्यावर दोन वाक्यं लिहायची. बाकीची पोरं खूश झाली. माझ्या मात्र सगळ्या भीत्या एकाच पिशवीत येऊन बसल्या. आणि त्यात एक नवीन होती, ती गुरुजींना माहीत असायचं कारण नव्हतं.

आमच्या घरी मेंढरं मोजत नसत.

आमचं घर मूळचं मेंढरामागं हिंडणारं. माझ्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, ते सोडून दोन जर्सी गाई घेतल्या होत्या, डेअरीला दूध घालायचे आणि लोकांच्या ट्रॅक्टरवर जायचे. मेंढरं उरली होती ती आजोबांची, आबांची. त्यांचा कायदा साधा होता. कळपाकडं बोट करायचं नाही आणि आकडा तोंडातून काढायचा नाही. सुप्याच्या बाजारात कुणी व्यापाऱ्यानं विचारलंच किती आहेत, तर आबा म्हणायचे, बिरोबाच्या दयेनं हायती. त्यांच्या थोरल्या भावानं म्हणे एकदा कुणाच्या तरी सांगण्यावरून कळप बोटांवर मोजला, आणि आठवड्याच्या आत रोग पडून वाघर रिकामी झाली. वाघर म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची जाळी. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली होती की ती रिकामी जाळी मला स्वप्नात दिसायची.

मी आईला विचारलं. ती म्हणाली, गाई लिही, कोंबड्या लिही, मेंढरांचं नाव काढू नको. सांगायला सोपं होतं. पण गुरुजींची सायकल रोज आमच्या माळावरून जायची. मेंढरं लिहिली नाहीत तर फोक, मोजली तर रोग. दोन्हीकडून माझंच मरण होतं.

शेवटी मी एक वाट काढली. मोठ्यानं मोजलं तरच ते मोजणं, मनातल्या मनात मोजलं तर ते मोजणं नव्हे, असं मीच ठरवलं. संध्याकाळी आबा जाळीला एक फट ठेवायचे, त्यातून एकेक मेंढरू आत जायचं, आणि आबा प्रत्येकाच्या पाठीवर हात टेकवायचे. मी जरा लांब, बाभळीखाली उभी राहिले. परकराच्या ओच्यात चिंचोके होते, शाळेत दशकं शिकताना वापरायचो ते. दहा झाली की एक चिंचोका या मुठीतून त्या मुठीत. ओठ घट्ट मिटले होते. शेवटचं मेंढरू आत गेलं तेव्हा मी मुठीतले चिंचोके चाचपले. किती भरली ते मी आजही लिहिणार नाही.

दुसऱ्या दिवशी माझा मेंढरांचा आकडा वर्गात सगळ्यांत मोठा निघाला. गुरुजी इतके खूश झाले की त्यांनी तो फळ्यावर लिहिला आणि सगळ्या वर्गाला म्हणायला लावला. चाळीस पोरांनी बेंबीच्या देठापासून आबांची मेंढरं मोजली. खिडक्या उघड्या होत्या, वारा माळाकडं वाहत होता. मला शाबासकी मिळाली, आयुष्यातली पहिली, आणि मी रडायच्या बेतात होते. गुरुजींना वाटलं आनंदानं.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी बाभळीखाली उभी राहायला लागले. मोजलं होतंच, तर आता निदान कमी होत नाहीत ना एवढं तरी बघावं. रोज आकडा बरोबर यायचा. हळूहळू मला वाटायला लागलं की बिरोबाला शाळेतलं ऐकू गेलं नसावं.

आणि एक दिवस एक कमी भरलं.

त्या आठवड्यात माळापलीकडच्या अभयारण्याच्या बाजूनं लांडगा फिरतोय अशी सगळीकडं बोलवा होती. मी जाळीबाहेरून पुन्हा मोजायला गेले, पण आत गेलेली मेंढरं एका जागी थोडीच थांबतात. माझं चुकलं असेल, मी मनाशी म्हटलं. माझं नेहमीच चुकतं. माझं गणित चुकलेलं असू दे, असं आख्ख्या दुसरीत मी देवाला फक्त त्याच दिवशी मागितलं. आबांनी फट बांधली, हातपाय धुतले आणि जेवायला येऊन बसले. त्यांना काही वेगळं वाटलेलं दिसलं नाही. म्हणजे सगळं ठीक होतं. आबांना कळलं नसतं असं होणंच शक्य नव्हतं.

चुलीपुढं मी भाकरीचा तुकडा तोंडात घोळवत बसले. गप्प बसावं तर एक मेंढरू माळावर, आणि माळावर लांडगा. बोलावं तर मी मोजली हे कळणार, आणि एकापासून सुरुवात होऊन सगळी जाळी रिकामी झाली तर ती माझ्यामुळं. आईनं विचारलं, दुखतंय का काही. मी नाही म्हणून मान हलवली. शेवटी मी तोंडातला तुकडा गिळून टाकला.

"आबा, एक मेंढरू कमी हाय," मी म्हणाले.

दादांनी विचारलं तुला काय ठाऊक. मी म्हणाले मोजली. मग शाळा, फळा, वर्गातली पोरं, सगळं एका दमात सांगून टाकलं. आईचा पीठ मळणारा हात काटवटीतच थांबला. आबांची थप्पड येणार म्हणून मी डोळे मिटले. थप्पड आली नाही. आबांनी मोजलीस का, असं विचारलंच नाही.

"नीट मोजलीस का?" ते म्हणाले.

मी हो म्हणाले. दादा ताटावरून उठले, बॅटरी घेऊन जाळीपाशी गेले आणि एकेकाच्या तोंडावर उजेड टाकत फिरले. तांबड्या तोंडाची, अजून न व्यालेली मेंढी नव्हती. तिच्यासाठी ओरडायला कोकरू नव्हतं, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही, असं आई म्हणाली. आबा दादांच्या मागं निघाले, तर दादांनी त्यांना तुमी थांबा म्हणून सांगितलं, आणि आबा थांबले. आबांना कुणी थांब म्हणावं आणि त्यांनी थांबावं, हे मी पहिल्यांदा बघितलं.

आम्ही तिघं अंगणात बसून राहिलो. बॅटरीचा उजेड ओढ्याकडं गेला आणि दिसेनासा झाला. मला वाटत होतं की आता दादाही येणार नाहीत. मी मेंढरं मोजली म्हणून एक मेंढरू गेलं, त्याच्यामागं दादा गेले. घरातली माणसं मी मनातसुद्धा मोजायची नाहीत असं ठरवलं, पण ठरवता ठरवता ती मोजून झालीच. मी आईच्या मांडीला घट्ट धरून ठेवलं.

बऱ्याच वेळानं कुत्रं भुंकलं आणि दादा अंगणात आले. मेंढी ओढ्याकाठच्या काटेरी तारेत अडकली होती. लोकर फाटली होती, मांडीला रक्त होतं, पण जिवंत होती. दादांनी तिला खांद्यावर आडवी घेतली होती. अंगणातला बल्ब बरोबर त्यांच्या डोक्यावर होता, इतका की मेंढीच्या मांडीवरचं रक्त मला लांबून दिसत होतं. आबा त्यांच्या समोर उभे होते, हात लांब केला तर लागेल एवढ्यावर.

"घावली का?" आबांनी विचारलं.

दादा जागच्या जागी उभे राहिले. आईनं माझ्याकडं बघितलं, मग जमिनीकडं.

"हितंच हाय की आबा," दादा हळूच म्हणाले. "माज्या खांद्यावर."

आबांनी हात पुढं केला आणि मेंढीचं तोंड चाचपून बघितलं. ते रोज पाठीवर हात का टेकवत होते ते मला तेव्हा कळलं. लांडगा, रोग, बिरोबा या सगळ्यांपेक्षा मोठी भीती मला त्या उजेडात वाटली. आबांना दिसत नव्हतं. आणि किती दिवसांपासून दिसत नव्हतं, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

जेवणं तशीच राहिली. दादा म्हणाले की बारामतीला नेऊन डोळे दाखवू, आणि एवीतेवी आता मेंढरं काढून टाकलेली बरी. ते रागानं बोलले नाहीत, म्हणूनच ते खरं वाटलं. आबा मेंढीच्या मांडीला हळद लावत बसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बाभळीखाली गेले नाही. चुलीपाशी पुस्तक घेऊन बसले होते, तर बाहेरून आबांनी हाक मारली. कळप जाळीपाशी येऊन थांबला होता आणि त्यांनी अजून फट उघडली नव्हती. त्यांनी मला जवळ ओढून आपल्या पुढ्यात उभं केलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मोज," ते म्हणाले. "मनात नगं. मला ऐकू यील असं मोज."

मी म्हणाले, आबा, मला भ्या वाटतंय.

"मला बी," आबा म्हणाले आणि त्यांनी फट उघडली.

पहिलं मेंढरू आत गेलं. मी एक म्हटलं. आबांचा एक हात माझ्या खांद्यावर होता, दुसरा पुढच्या मेंढराच्या पाठीवर.