चाळीस नंबरचा पुठ्ठा

भाऊबीजेला इथे दक्षिण गोलार्धात, हॅमिल्टनच्या रोटोटुना उपनगरात, संध्याकाळी सातलाही लख्ख ऊन असतं. निरांजन पेटलंय की नाही, ते हात जवळ नेल्याशिवाय कळत नाही. तरी ती मला पाटावर बसवते, माझ्या डोक्यावर तिच्या नवऱ्याची क्रिकेटची टोपी ठेवते. तीन वर्षं हे चाललं आहे.

ती माझी सख्खी बहीण नव्हे. अकरा वर्षांपूर्वी मी नौदलात होतो, ती परदेशात नर्स होती. त्या देशात युद्ध पेटलं आणि आमचं जहाज आपल्या लोकांना काढायला उत्तरेकडच्या बंदरावर गेलं. तिथून मी तिला बोटीत घेतलं. पुढे नोकरी सोडून मी हॅमिल्टनला आलो आणि मराठी मंडळाच्या पिकनिकला तिने मला नुसत्या आवाजावरून ओळखलं. "ह्या दादांमुळे मी आहे," असं ती सगळ्यांना सांगते. मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो.

गेल्या आठवड्यात माझ्या गाडीतून जाताना ती म्हणाली, "माझी ती केरळची रूममेट आठवते ना? माझ्या आधीच्या बोटीत सुटली. पण अकरा वर्षांत एक फोन नाही हो, दादा. तिचा मोबाईल बंद. घरचा नंबर आहे माझ्याकडे, पण मीच का करू? काही माणसं असतातच तशी."

त्या रात्री नव्हे, तिथल्या तिथे, सिग्नलला थांबलेलो असतानाच मी ठरवलं की यंदा सांगायचं.

म्हणून पाटावर बसलो आणि ताट फिरायच्या आत म्हणालो, "थांब. आधी ऐक, मग ओवाळायचं का ते ठरव."

"आता काय, पाठ दुखते का?" ती हसली. "वय झालं तुमचं."

तिची मुलगी दारातून ओरडली, "मम, कॅन वी ईट नाऊ?"

"पाच मिनिटं, बाळा." मग माझा चेहरा बघून तिने ताट टेबलावर ठेवलं.

मी सांगायला लागलो. जहाज धक्क्याला लागू शकत नव्हतं, बाहेर उभं होतं. आम्ही छोट्या बोटींतून माणसं नेत होतो. शहराच्या बाजूने तोफांचे आवाज जवळ येत होते. गोंधळ नको म्हणून आम्ही रेशनच्या खोक्यांचे पुठ्ठे कापले, नंबर घातले आणि सुतळीने एकेकाच्या मनगटाला बांधले. नंबर पुकारला की बोटीत. पुकारणारा मी.

"माझ्या रूममेटचा चाळीस, माझा एक्केचाळीस," ती म्हणाली. "तुम्ही खलाशाला मराठीत शिवी घातलीत, म्हणून मी विचारलं, दादा, कुठले?"

"कराडचा म्हणालो. तू म्हणालीस, मी तासगावची."

त्या एका वाक्यात मी विरघळलो. महिनाभर समुद्रावर होतो, आणि तोफांच्या आवाजात कुणीतरी आपल्याकडचं बोललं. जी पुढे शेवटची ठरली त्या बोटीत आमची माणसं सोडून एकच जागा उरली होती. बोट चालवणारा तांडेल ओरडत होता, "एकच! लवकर!" मी चाळीस पुकारला. तिची मैत्रीण शेडमागे नळावर पाणी भरायला गेली होती, हेही सांगितलं.

"नाही. ती आधीच्या बोटीत गेली. तुम्हीच म्हणालात."

"मी खोटं बोललो."

मला थांबता आलं असतं, पण मग पुन्हा कधीच बोललो नसतो.

"मला ती दिसत होती. दोन बाटल्या घेऊन पळत येत होती. वीस पावलं असतील. नियम थांबायचा होता आणि वीस पावलांपुरता वेळही होता. मी एक्केचाळीस म्हणालो. तू विचारलंस, ती कुठे? तू अडून बसू नयेस म्हणून मी सांगितलं, ती आधीच्याच बोटीत गेली, चाळीस मी चुकून पुकारला. तुला पुढे ढकललं आणि तुझ्यामागे मी चढलो. वाटलं, अजून एक फेरी होईल. ती परवानगी मिळाली नाही."

"तिने काय केलं?"

"हात वर केला. मनगट दाखवत होती. नंबर."

"आणि मी?"

"तुझी पाठ होती तिच्याकडे."

बाहेर शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र चालू होतं. तिने खिडकी लावून घेतली. मग म्हणाली, "मेली?"

"माहीत नाही. नंतर दुसरी जहाजं गेली, त्यांतून सुटलेल्यांच्या याद्या निघाल्या. मी बघितल्या नाहीत."

"अकरा वर्षं?"

"हो."

"मी तिला शिव्या घालत होते, दादा. तुम्ही माझ्या घरी जेवत होता आणि ऐकत होता."

मी टोपी काढून मांडीवर ठेवली.

ती आत जाऊन एक जुनी डायरी घेऊन आली. उभ्यानेच नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन ताटात ठेवला, निरांजनाच्या शेजारी. तिकडे केरळात दुपार व्हायला आली असेल. रिंग वाजायला लागली.

"मी बोलते," ती म्हणाली, आणि लगेच मान हलवली. "नाही. तुम्ही बोला. तिची आई असेल. इंग्रजी येतं त्यांना थोडं."

पाचवी रिंग. सहावी. मग कुणीतरी फोन उचलला आणि बाईचा म्हातारा आवाज म्हणाला, "हलो?"

मी पाटावरून उठलो. नाव सांगितलं, माझं. आणि त्यानंतर चाळीस नंबरचं सांगायला लागलो.