लेकीच्या गावचं पाणी

आमच्या भजनी मंडळानं परदेश पाहिला तो बैलगाडीतून. हसू नका. पैनगंगेच्या अलीकडं, रिसोडच्या बाजूला आमचं गाव. पलीकडं दुसरं राज्य. निजामी जाऊन तीनचार वर्षं झाली होती, पण आमच्या तोंडी ती मोगलाईच. तिथल्या एका गावानं सप्त्याला भजनाचं आमंत्रण धाडलं, तर मंडळातल्यांनी धोतरं अशी पांढरीफटक केली, जसं काही विलायतेलाच निघालो!

बाबांना मात्र त्या खेपेला गाण्याची हौस नव्हती. मंडळात पुढं गाणारे तेच, आणि माझी धाकटी बहीण त्याच गावात दिलेली. लग्नाला पाच वर्षं झाली होती, पण तीन दिवाळ्या तिला माहेरी धाडलीच नव्हती. कधी ज्वारीची सोंगणी, कधी सासूचे गुडघे. पोरगी वाळून काटकी झाली, असं कानावर आलं होतं. तिथल्या पाटलांनी शब्द दिला होता, "भजन रंगू द्या, मंग मांडवातच तुमच्या व्याह्याले सांगतो, पोरीले धाडा म्हून. लोकाइदेखत नाही म्हननार नाही तो." एवढ्याच आशेवर माझी माय उंबऱ्यात बसून राहिली होती.

आमच्याकडं रीत अशी, की लेकीला लेकरू झाल्याशिवाय बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. बाबांचं सगळंच टोकाचं. ते अख्ख्या गावच्याच पाण्याला शिवत नसत. म्हणून आमच्या विहिरीची कळशी भरून गाडीत घेतली. आता मृदंगाच्या डाव्या अंगाला ओली कणीक थापावी लागते. मृदंगवाल्या काकांनी मांडवात पोचल्याबरोबर त्याच कळशीतल्या पाण्यानं कणीक भिजवली, आणि उरलेल्या पाण्यानं हातपाय धुऊन मोकळे झाले!

"काका, अक्कल गहान टाकली का तुमी?" मी खेकसलोच.

"अरे, गावात हिरी का कमी हायेत?" म्हणाले.

नदी कोसभर मागं राहिली होती, आणि माणसं तर येऊन बसली होती.

चैताचं ऊन. दोन अभंग बाबांनी कसेबसे रेटले. तिसऱ्याला आवाज फाटला, घशातून नुसता वारा. मांडवात खसखस पिकली. व्याही मिशीत हसत होते, पाटलांनी मान खाली घातली. गेलं, सगळं गेलं, आता पोरगी काही येत नाही, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं. टाळ फेकून पळावंसं वाटलं.

तेवढ्यात बायकांतून बहीण उठली. हातात तांब्या. बाबांच्या पुढ्यात येऊन बसली.

"घ्या, बाबा."

"नाही, माय. तुहं लेकरू मांडीवर घेईन, मंग पेईन."

मी शेजारीच होतो म्हणून मला ऐकू आलं. ती म्हणाली, "कायची वाट पाहून राह्यले, बाबा? मले नाही होत लेकरू. सासूनं सारे इलाज करून पाह्यले. प्या."

बाबांनी तिच्याकडं पाहिलं. तांब्या घेतला आणि एका दमात रिकामा केला. मग असे गायले, की हसणाऱ्यांची तोंडं मिटली. माझे टाळ चुकत होते, डोळ्यांपुढं काही दिसत नव्हतं.

भजन संपलं. पाटील बोलायला उठले, पण त्यांच्या आधी सासू उठली.

"पोरीच्या बापानंच आस सोडली, साऱ्या गावानं पाह्यलं. मंग आमी कायले ठेवाव इले? घेऊन जा. आता वापस धाडू नका."

बाबांनी हात जोडले, पाटलांनी समजावलं, व्याही तोंड फिरवून बसले. अरे, घोटभर पाणीच प्यायला होता ना माणूस! ज्यासाठी आलो होतो ते मिळालं, आणि असं मिळालं.

परतताना गाडीत काका मृदंगाची वाळलेली कणीक नखानं खरवडत होते. नदी ओलांडली तशी बहीण गाडीतून उतरली, रिकामी कळशी भरून आणली आणि बाबांपुढं धरली.

"प्या, बाबा," ती म्हणाली. "मले आता कोनतंच सासर नाही. कुठलंही पानी प्या."