रबरी नळीचा वास

गॅसची नवी नळी बसवायला माणूस आला, की मी अजूनही परसात जाऊन उभी राहते. कोऱ्या रबराचा तो वास मला दवाखान्यातल्या त्या टेबलापाशी नेतो. कपाशी हातची जायची आणि गावोगावचे लोक फवारणीचं औषध पिऊन घ्यायचे, ती वर्षं. माझ्या थोरल्या भावाला तेव्हा भास व्हायचे. घरचे जेवणात विष कालवतात, असं त्याला वाटायचं. तो फक्त माझ्या हातचा घास खायचा, तोही मी आधी चाखल्यावर. पुढे तेही सुटलं. चार दिवसांच्या उपाशी भावाला आई आणि मी बाभुळगावहून एसटीने शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तो सारखा "विष, विष" पुटपुटत होता. नर्सबाईंनी विचारलं, "कोणतं औषध पेला?" आईने हात जोडले. "काईच नाई पेला जी. डोक्याचं दुखनं हाये त्याले." "पोलिसाच्या भेवानं सारे असंच सांगतात," त्या म्हणाल्या. माणसं कमी होती, म्हणून मला म्हणाल्या, "पाय धर." मी धरले. नाकातून नळी घालून पोट धुतलं, तर नुसतं पाणी निघालं. मनोविकाराचे डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले, गोळ्या सुरू झाल्या, भासही कमी झाले. पण नळी आत जाताना पाय कोणी धरलेत, हे त्याने मान उचलून पाहिलं होतं, आणि धडपड थांबवली होती. आजही त्याचं ताट मी उंबऱ्यावर ठेवते. मी तिथून हलल्याशिवाय तो ते उचलत नाही.